फवारा, पाणी आणि धूर : विदर्भातल्या गावात शरीरात जाणारं विष कसं अडवायचं

विषारी घटकांपासून तब्येत कशी जपावी हे मोबाइलवर शोधलं, तर नॉनस्टिक तवा, शाम्पू, प्लॅस्टिकची बाटली यांच्यावर पानंच्या पानं सापडतात. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण राळेगाव किंवा दर्यापूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाच्या अंगात विष ज्या वाटांनी जातं, त्या वाटा निराळ्या आहेत: पाठीवरचा पंप, अंगणातली बोअर आणि स्वयंपाकघरातली चूल. वणी, घुग्घुस, कोराडीकडे राहत असाल तर चौथी वाट राखेची. शाम्पू बदलण्याआधी या वाटा बंद करायच्या, आणि त्याही धोक्याच्या क्रमानं. लेखाचा क्रम तोच ठेवला आहे. जी गोष्ट एका दिवसात जीव घेऊ शकते ती आधी, जी दहा वर्षांत हाडं वाकवते ती नंतर.

आधी आपला पट्टा ओळखा

विदर्भ मोठा आहे आणि प्रत्येक भागाचं दुखणं सारखं नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथं भूजल मुळातच खारट असल्यामुळे पाणी हा पहिला प्रश्न. यवतमाळच्या पांढरकवडा भागात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं; ते ना चवीला लागतं, ना डोळ्याला दिसतं. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड, कोराडी, खापरखेडा इथं कोळशाची धूळ आणि वीज केंद्रांची राख. फवारणी मात्र सगळीकडेच आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जास्त, धानाच्या पट्ट्यात थोडी वेगळ्या औषधांची.

एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. घरात फवारणी कोण करतं आणि वर्षातून साधारण किती दिवस? पिण्याचं पाणी नेमकं कोणत्या विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं, आणि ते शेवटचं कधी तपासलं? चूल दिवसातून किती वेळ पेटते आणि तेव्हा तिथं कोण असतं? खाण, वीटभट्टी किंवा राखेचा तलाव घरापासून किती लांब आहे? ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात अस्वस्थ करेल, कामाला तिथून लागा.

फवारणी : विकत घेण्यापासून अंघोळीपर्यंत

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. काहींची दृष्टी काही काळ गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, हवा दमट होती, बॅटरीचे जास्त दाबाचे पंप बारीक धुकं सोडत होते आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळली जात होती. त्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत ५ कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं. साठ दिवस संपले. कपाशी दरवर्षी वाढतेच आहे.

म्हणून खरेदीपासून सुरुवात. डब्यावर चौकोनाच्या खालच्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा त्या मानानं सौम्य. त्याच किडीसाठी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचं औषध मिळत असेल तर तेच मागा. कृषी केंद्रवाला "हे कडक आहे, एकाच फवाऱ्यात काम तमाम" म्हणाला, तर ते कडकपण तुमच्या अंगालाही लागू आहे हे लक्षात असू द्या. त्रिकोणावर आंधळा विश्वासही नको. पॅराक्वाट या तणनाशकाचा त्रिकोण पिवळा असतो, पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच मनाई आहे, तरी वांग्यावर ते मारणारे आजही भेटतात. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस या तिन्हींवर २०२० च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. जुना डबा गोठ्यात पडला असेल तर तो वापरून संपवण्याचा विचार डोक्यातून काढा. पक्कं बिल घ्याच. ते पुढे, अगदी शेवटच्या भागात, कामाला येणार आहे.

मिश्रण करताना धोका सगळ्यात मोठा असतो, कारण तेव्हा औषध पातळ झालेलं नसतं. टाकीतल्या पाण्यात मिसळलेला थेंब अंगावर पडणं वेगळं आणि बाटलीतला थेंब पडणं वेगळं. हातमोजे आणि चष्मा फवारतानाही हवेतच, पण बाटलीचं बूच त्यांच्याशिवाय उघडायचंच नाही. ढवळायला लांब काडी, मापायला झाकण किंवा मापक, आणि मिश्रण विहिरीपासून, गुरांच्या हौदापासून दूर. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, चिकटवणारं द्रव्य असं सगळं एका ड्रममध्ये ओतण्याची सवय आपल्याकडे आहे, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. दोन ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही याच गटातली) एकत्र आली की शरीरावर त्यांचा मारा एकाच ठिकाणी पडतो. कृषी विद्यापीठानं किंवा लेबलनं सांगितलं नसेल तर औषधं मिसळू नका.

आता अंगरक्षण. बहुतेकांना वाटतं विष नाकातून जातं, म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की झालं. फवारणीत विष सगळ्यात जास्त जातं ते कातडीतून. ऑक्टोबर हिटमध्ये घामानं ओली झालेली कातडी तर ते झपाट्यानं शोषून घेते, आणि मांड्यांच्या सांध्यातली नाजूक कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीनं. पंपाच्या झाकणाचा वायसर सैल असला की पाठ भिजते आणि ते पाणी पाठीवरून थेट खाली, चड्डीपर्यंत उतरतं. पंप पाठीवर घेण्याआधी त्यात नुसतं साधं पाणी भरून गळतो का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. गळत असेल तर पंप दुरुस्त करा. तोवर पाठ आणि पंप यांच्यामध्ये खताच्या पोत्याच्या आतली स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी कापून बांधा.

लांब बाह्यांचा शर्ट, फुलपँट, रबरी गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेर. आत खोचली तर वरून आलेलं औषध बुटात साचतं. हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे हवेत. कापडी हातमोजे औषध धरून ठेवतात, म्हणजे हात तासन्तास विषाच्या पोतेऱ्यात. दुपट्ट्याचंही तेच. ओला झालेला दुपट्टा नाकातोंडावर ठेवणं म्हणजे औषध जवळून हुंगणं, म्हणून दोन-तीन कापडं सोबत ठेवा आणि ओलं झालं की बदला. एन-९५ मास्क थेंब आणि धुकं अडवतो, पण औषधातल्या द्रावकाची वाफ तो अडवत नाही. ती अडवायला कोळशाची डबी लावलेला मास्क लागतो. हे सगळं ऐकून एक काका म्हणाले होते, "भाऊ, एवढं घालून फवारा मारला त विषानं नाही, उन्हानंच मरन." त्यांचं खोटं नाही. विदर्भातल्या उन्हात पूर्ण पोशाख घालून दुपारी एकला कुणी फवारू शकत नाही. उपाय पोशाख उतरवण्यात नाही, वेळ बदलण्यात आहे: सकाळी दव उतरल्यावर सुरू करून दहा-साडेदहापर्यंत, किंवा ऊन कललं की.

वारा पाठीकडून किंवा बाजूनं येईल असं चाला. समोरून येत असेल तर थांबा. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारणं हाच सगळ्यात वाईट प्रकार. शेंडे वेळेत खुडले आणि ओळींमधलं अंतर जास्त ठेवलं, तर पिकाला हवा मिळते आणि माणसालाही. पुढचा माणूस फवारत असताना मागून दुसरा चालू नये. मजूर पंपाच्या हिशेबानं काम करत असेल तर तो घाई करणार, हे उघड आहे. मालकानं मजुरी दिवसाच्या हिशेबानं ठरवली तर अर्धी सुरक्षितता तिथंच येते.

दोन सवयी अशा आहेत की त्या पाहिल्यावर बाकीचा सगळा पोशाख व्यर्थ वाटतो. पहिली, नोझल तुंबलं की ते तोंडाला लावून फुंकणं. खिशात मऊ ब्रशचा तुकडा आणि एक जास्तीचं नोझल ठेवलं की फुंकायची वेळ येत नाही. दुसरी आपल्या विदर्भाची खास: खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. बांधावर बसून पन्नी उघडायची, फवारलेल्या त्याच हातानं चिमूट उचलायची आणि गालात सरकवायची. गालाच्या आतली कातडी पातळ असते, औषध तिथून सरळ रक्तात जातं. खर्रा सोडायला सांगणं हा वेगळा लेख होईल. निदान पन्नी फवारणीच्या दिवशी घरी राहू द्या. पाण्याची बाटली आणि डबा शेताच्या दुसऱ्या टोकाला, झाकून ठेवा आणि साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

घरी आल्यावर लेकराला कडेवर घेण्याआधी अंघोळ, साबणानं, केस आणि नखांसकट. कपडे बादलीत वेगळे. अनेक घरांत हे कपडे घरच्या बाईच्या हातानं, बाकीच्या कपड्यांसोबत धुतले जातात, आणि शेतात पाय न टाकताही तिच्या हातांना विष लागतं. कपडे वेगळे भिजवा, धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, ते पाणी हौदात किंवा नाल्यात सोडू नये. रिकाम्या डब्यात तीनदा पाणी घालून खळखळवा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. मग डब्याला भोकं पाडा. डबा धुऊन तेल, रॉकेल किंवा पाणी ठेवायला वापरू नका, चुलीतही जाळू नका. फवारलेल्या शेतात लेबलवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत निंदणाऱ्या बायकांना पाठवू नका. वेचणीच्या किंवा काढणीच्या आधी किती दिवस फवारायचं नाही, तेही लेबलवरच असतं.

फवारून आल्यावर दूध प्यायचं, गूळ खायचा, की विष उतरतं, असं गावोगाव सांगतात. कातडीतून रक्तात गेलेलं विष दुधानं उतरत नाही. आणि दारू तर नकोच: तिच्या नशेत विषबाधेची पहिली लक्षणं कळतच नाहीत.

विषबाधा झाली असं वाटलं तर

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांची औषधं शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एक विकर बंद पाडतात. त्यामुळे नसा स्नायूंना आणि ग्रंथींना सतत "चालू राहा" असा हुकूम देत राहतात. सगळी लक्षणं तिथूनच येतात: तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी, खूप घाम, मळमळ, उलटी, जुलाब, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, अंधुक दिसणं, पापणी किंवा मांडीचे स्नायू आपोआप फडफडणं, छातीत घरघर. ऊन लागलं असेल असं समजून वेळ जातो. ऊन लागलेल्याचं तोंड सहसा कोरडं पडतं. इथं मात्र लाळ गळते आणि बाहुल्या बारीक होतात. टॉर्चच्या उजेडात डोळा पाहा, लगेच फरक कळतो.

मग या क्रमानं:

१. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. कपडे, चप्पल, कमरेचा करदोडा, सगळं काढा. मदत करणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी.

२. भरपूर पाणी आणि साबणानं अंग धुवा. डोळ्यांत उडालं असेल तर स्वच्छ पाण्याची धार किमान १५ मिनिटं.

३. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीनं निघा.

४. माणूस ग्लानीत असेल तर एका कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी करवू नका. औषधातलं द्रावक फुप्फुसात गेलं तर ते आणखी घातक.

५. औषधाचा डबा, निदान लेबलचा फोटो, सोबत न्या. डॉक्टरांना "फवारा मारत होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. नाव कळलं की अ‍ॅट्रोपिन द्यायचं की आणखी काही, हे त्यांना लवकर ठरवता येतं.

दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टरही तिथं विचारू शकतात.

रुग्ण संध्याकाळी बरा वाटला म्हणून सुट्टी मागू नका. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत साधारण एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वासाचे स्नायू थकणं असा दुसरा फेरा येऊ शकतो, आणि तेव्हा व्हेंटिलेटरची गरज पडते. घरी असाल तर तो वेळेवर मिळणार नाही. हंगामभर फवारणी करणाऱ्यानं हंगामाच्या आधी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करून कागद जपून ठेवला, तर पुढे त्रास झाल्यावर तुलना करायला आधार मिळतो.

पाणी : चवीवर विसंबू नका

"बोअरचं पानी गोड लागते न, मंग काय झालं?" हा प्रश्न गावात नेहमी ऐकू येतो. खारट पाणी लोक आपणहून टाळतात. गोड लागणारं पाणीच तपासायचं राहून जातं.

तपासणीची वाट सोपी आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा जलजीवन मिशनमध्ये प्रशिक्षण मिळालेल्या गावातल्या महिलांकडे चाचणी संच असतो. त्यात रंग बदलून फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड, कठीणपणा यांचा अंदाज येतो. रंग शंकास्पद आला तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामसेवकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड पाहून निश्चिंत होऊ नका. ते कार्ड साथीच्या आजारांचा, म्हणजे स्रोताभोवतीच्या घाणीचा आणि शुद्धीकरणाचा धोका सांगतं. हिरव्या कार्डाच्या गावात फ्लोराइड असू शकतं.

अहवाल हातात आला की मिलिग्रॅम प्रति लिटरचे आकडे पाहा. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.०, दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५. नायट्रेट ४५. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. ही भारतीय मानक ब्युरोची मर्यादा आहे. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, पाणी खोल गेलं की आकडा वाढलेला असू शकतो, म्हणून एका तपासणीवर थांबू नका.

फ्लोराइड घरात आहे का याचा पहिला पुरावा मुलांच्या दातांवर दिसतो. समोरच्या दातांवर आडव्या पांढऱ्या किंवा तपकिरी पट्ट्या, दोन्ही बाजूंना सारख्या. ब्रश केल्यानं त्या जात नाहीत, कारण दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच, साधारण आठ वर्षांच्या आत, त्या पडलेल्या असतात. मोठ्यांसाठी तीन हालचाली करून पाहा: हनुवटी छातीला टेकवणं, दोन्ही हात मानेमागे नेणं, गुडघे न वाकवता वाकून पायाची बोटं शिवणं. पूर्वी जमत होतं आणि आता मान, पाठ, सांधे अडतात, आणि पाण्यात फ्लोराइड आहे, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. नाहीतर वर्षानुवर्षं वाताच्या गोळ्या चालू राहतात.

पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाही; पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं. जमत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय स्रोत बदलण्याचा. एकाच गावात एका बोअरला फ्लोराइड असतं आणि दोनशे पावलांवरच्या उघड्या विहिरीला नसतं, असं होतं, कारण खोल खडकातलं पाणी वेगळं. सगळ्या स्रोतांची तपासणी करून फ्लोराइडवाल्या हातपंपाला लाल रंग द्या: धुण्याभांड्याला चालेल, पिण्याला आणि स्वयंपाकाला नाही. स्वयंपाकाचं लोक विसरतात; वरण त्याच पाण्यात शिजतं.

तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली. पण तुरटीची मात्रा पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते. अंदाजानं तुरटी फिरवून ते होत नाही आणि जास्तीची तुरटी पाण्यातच राहते. आरओ फ्लोराइड, नायट्रेट आणि खारपाण तिन्ही कमी करतो, फक्त पडदा वेळेवर बदलला पाहिजे. विकायला आलेला माणूस पाण्यात दोन सळया बुडवून, वीज सोडून तपकिरी गाळ दाखवतो. तो गाळ लोखंडी सळईचा असतो, तुमच्या पाण्याचा नव्हे. खिशातल्या टीडीएस मीटरनंही फ्लोराइड कळत नाही. जारवाल्याकडून पाणी घेत असाल तर त्याला प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

आहारात दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला असं कॅल्शियम राहू द्या. त्यानं फ्लोराइड कमी शोषलं जातं, विशेषतः वाढत्या मुलांत. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं; दिवसाला सहा-सात कोरे चहा पिणाऱ्या आजोबांनी ते लक्षात घ्यावं.

नायट्रेट येतं ते युरिया, उकिरडा आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यांतून. विहिरीजवळचा उकिरडा उताराच्या खालच्या बाजूला हलवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल आणि ते दूध अशा पाण्यात कालवलं जात असेल, तर बाळाचे ओठ-नखं निळसर पडू शकतात. तसं दिसलं तर लगेच दवाखाना. अंगावरचं दूध पिणारं बाळ या धोक्यातून बरंच वाचतं.

चूल

गॅस आहे, सिलिंडर भरायला पैसे नाहीत, म्हणून पऱ्हाटी आणि तुराटी. याला दोष देण्यात अर्थ नाही. देशाच्या मानकाप्रमाणे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. बंद खोलीतल्या चुलीजवळ स्वयंपाकाच्या वेळी हे प्रमाण त्याच्या अनेक पटीनं वर जातं. बायकांचा दमा आणि जुनाट खोकला, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा न्यूमोनिया यांमागे हा धूर असतो.

गॅस पुरवून वापरायचा असेल तर चहा, दूध, बाळाचं खाणं आणि रात्रीचा स्वयंपाक गॅसवर करा, पाणी तापवणं बाहेरच्या चुलीवर. चूल घरात असेल तर तिच्यावरचं एक कौल उचलून धुराला वाट द्या, लाकूड पूर्ण वाळलेलं आणि बारीक तोडलेलं वापरा, आणि चूल पेटत असताना बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवा. चूल पेटवायला पन्नी, टायरचा तुकडा किंवा औषधाचा डबा अजिबात नको. पीव्हीसी जळलं की डायऑक्सिन तयार होतं, आणि हे विष शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं. गोवऱ्यांच्या ढिगाजवळ सुकं गवत किंवा सरमटाची काडी ठेवली की पन्नीची आठवण होत नाही.

राखेच्या आणि कोळशाच्या पट्ट्यात

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत धरलं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथं कोळसा जळतो आणि राख उरते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यात गेलं होतं. या राखेत सिलिका असते, शिवाय आर्सेनिक, पारा यांचे अंश.

घर झाडताना आधी पाणी शिंपडा किंवा सरळ ओलं पुसा; कोरड्या झाडूनं राख पुन्हा नाकाशी येते. राखेचा थर बसलेली पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. अशा गावात छतावरचं पावसाचं पाणी पिण्यासाठी साठवू नका. तलावाजवळच्या विहिरीच्या तपासणीत फ्लोराइडसोबत आर्सेनिक मागून घ्या; मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. खाणीत किंवा दगडाच्या क्रशरवर काम केलेल्या माणसाला खोकला आणि धाप असेल तर थुंकीची तपासणी कराच, पण टीबी निघाला नाही, किंवा औषधांनी धाप हटली नाही, तर छातीचा एक्स-रे दाखवून "मी धुळीत किती वर्षं काम केलं" हे डॉक्टरांना सांगा. सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) आणि टीबी एकमेकांसारखे दिसतात, कधी दोन्ही एकत्र असतात.

घरात

धान्यात ठेवायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्यानं फॉस्फिन वायू सोडतात. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथल्या कोठीत किंवा पोत्यात त्या ठेवू नका. त्यावर उतारा नाही आणि रात्रीतून अख्खं कुटुंब गेल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. घरच्या धान्याला कडुनिंबाचा वाळलेला पाला, कडक ऊन आणि हवाबंद कोठी पुरते.

रंग लावलेलं बियाणं उरलं तर ते दळायला किंवा कोंबड्यांना टाकायला नको, त्यावर कीटकनाशकाचा लेप असतो. आणि उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मूळ डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताच्या वर.

कागदपत्रं

फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावा लागतो. सातबारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. इथं दवाखान्याच्या पहिल्या कागदावर काय लिहिलं आहे याला फार महत्त्व येतं. त्यावर नुसतं "विष प्राशन" लिहिलं गेलं तर ते आत्महत्येकडे वळतं, आणि आत्महत्या योजनेत बसत नाही. म्हणून रुग्णासोबत गेलेल्या माणसानं "कपाशीवर फवारणी करताना विषबाधा" असं नोंदवून घ्यावं, कृषी केंद्राचं बिल आणि डब्याचा फोटो जपावा.

योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू आहे. गावात दुसऱ्याच्या शेतात फवारा मारणारा भूमिहीन मजूर तिच्यात येत नाही. त्याला कामावर घेताना हातमोजे, गमबूट, मास्क आणि अंघोळीचं पाणी कोण देणार हे मजुरीच्या बोलणीतच ठरवा, आणि विषबाधा झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हेही.